तोंड नसलेली माणसं
(बोईसरच्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



आज चित्रावर बोलायचंय. हसू नका. पाळी संपवून, अंगाला केमिकलचा वास घेऊन आलेल्या पोरांपुढं चित्राचं काय, असं मघाशी एकानं विचारलंच. तर ऐका.

1893 मध्ये नॉर्वेच्या एडवर्ड मुंकनं पुलावरचा माणूस रंगवला. मनातली तडफड एवढी, की वरचं आभाळही पिळवटलं. या वाटेनं पुढं गेलेल्यांना अभिव्यक्तिवादी म्हणतात. पुस्तकी शब्द आहे, सोडा.

आपल्याजवळचा माणूस घ्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा जिव्या सोमा म्हशे. लहानपणीच आई गेली आणि पोराची वाचाच बसली. कित्येक वर्षं सांगायचं ते धुळीत काढून सांगायचा. याच माणसाला 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये तो गेला. मुंकचा माणूस तोंड वासून उभा आहे. वारली चित्रातल्या माणसाला तोंडच नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक, वर गोल डोकं, बस्स. तरी तो नाचतो, भात लावतो, जाळं टाकतो.

यावर 'आदिवासींचं आनंदी जग' म्हणून लाळ गाळणारे आहेत. त्यांना सांगा, हे चित्र मुळात लग्नाचं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी चौक लिहितात, मधे पालघट देवी. आणि त्याच लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की नवरदेव व्हायचा लग्नगडी. जन्माचा वेठबिगार, बायकोसकट! भिंतीवर देवी आणि गळ्यात फास. 1945 मध्ये झरीला गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेत वारली जमले, त्यांनी वेठ नाकारली. त्याच साली तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशे तेव्हा दहा-अकरा वर्षांचं पोर.

त्यानं काय केलं? बायकांनी लग्नापुरता लिहायचा चौक, तो पुरुषानं हातात घेतला. विधी नसतानाही रोज काढला, कागदावर-कापडावर आणला. मुका पोरगा असा बोलता झाला.

मी कामाला होतो त्या कारखान्याच्या गेस्ट हाऊसात अख्खी भिंत वारली चित्राची. तारपा, नाच, सगळं. आणि ठेकेदाराची वारली पोरं ड्रम धुऊन गेटबाहेर भाकर खायची. साहेबाला भिंतीवरचा वारली चालतो, टेबलावरचा चालत नाही. पण साहेबाचं सोडा. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यानं दलितांत आदिवासीही धरला होता. आपण किती पाड्यांवर गेलो? मी स्वतः दोनदा, तेही लग्नाचं जेवायला.

रविवारी गंजाडला जायचंय. डहाणू रोडला उतरू, पुढं जीप. येणाऱ्यांनी आत्ताच नावं द्या.