बाबांच्या पेट्या, आईची खुर्ची



मागच्या महिन्यात माझ्या आईनं तिच्या बचत गटाकडे पंधराशे रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘पेटी दुरुस्ती’. सचिव ताईंना वाटलं शिलाई मशीन असेल. दुसरीला वाटलं भजनाची बाजापेटी. आई म्हणाली, “नाही बाप्पा, गाणं ऐकायच्या पेट्या. स्पीकर.” सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, “कायले वं मावशी, मोबाइलमधी येतेच ना गाणे!” कर्ज मंजूर झालं, पण ते हसणं आईला लागलं. म्हणून आज हजेरीपट आणि व्याजाचं राहू द्या, मी या पेट्यांबद्दल बोलते. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी माळ्यावर अशी एखादी पेटी चादरीखाली झाकलेली असेलच.

आमच्या बाबांनी १९८४ मध्ये त्या करून घेतल्या. सीताबर्डीवरून स्पीकर आणले आणि सुतारापाशी बसून सागवानाच्या दोन पेट्या बनवल्या. प्रत्येकीत एक आठ इंची मोठा स्पीकर आणि वर बारीक आवाजाचा एक छोटा, त्याला ट्वीटर म्हणतात. बाबा शास्त्रीय गाण्याचे वेडे. वसंतराव देशपांडे म्हणजे तर आमच्या नागपुरात वाढलेले, शंकरराव सप्र्यांकडे शिकलेले. सिव्हिल लाइन्समधलं मोठं सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. पण सभागृहातल्या मैफलीला दर वेळी जाणं पगारात बसत नसे. आपलं नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ चं, आणि आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासूनचा. शनिवारी रात्री साडेनऊ वाजले की बाबा खुर्चीत बसायचे आणि डेकमध्ये कोरी कॅसेट घालायचे. अशा दीडशेच्या वर कॅसेट आहेत घरात, प्रत्येकीवर राग आणि तारीख लिहिलेली.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या साफसफाईत आई म्हणाली, लावून तर बघू. लावलं तर एका पेटीतून फडफड, दुसरीतून बोळा कोंबल्यासारखा आवाज. एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, “ताई, हे भंगारात द्या. ब्लूटूथवाला टॉवर घेऊन घ्या, घर हादरते.” आता घर हादरवायचं कशाला? दुसऱ्यानं सुचवलं, पेट्या ठेवा, आत रबरी कडेचे नवे जाड स्पीकर बसवून देतो. आई काहीच बोलली नाही, पेट्या उचलून रिक्षात ठेवल्या.

माझं बी.ए. मराठी वाङ्मयातलं. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण तिसरे एक म्हातारे मिस्त्री काका भेटले. त्यांनी पेटी उघडून आम्हाला दोघींना समोर बसवलं आणि दाखवलं, तेव्हा कळलं की यात आपल्याला न समजण्यासारखं फार थोडं आहे.

स्पीकर म्हणजे कागदाचा एक द्रोण. त्याच्या बुडाला तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं असतं, ते लोहचुंबकाच्या फटीत तरंगतं. गाण्याची वीज तारेतून गेली की वेटोळं पुढे-मागे होतं, द्रोण हलतो आणि हवा हलते. तोच आवाज. द्रोणाची बाहेरची कड एका मऊ पट्टीनं लोखंडी चौकटीला चिकटवलेली असते. आमच्या पेट्यांत ती पट्टी फोमची. द्रोण चांगला होता, वेटोळं चांगलं होतं, चुंबकाला तर काही होतच नाही. फोमचा मात्र बोट लावताच भुगा झाला.

काकांनी विचारलं, “कूलर कुठं ठेवता?” आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कूलर पेट्यांच्या समोरच! नागपूरचा उन्हाळा, तीन महिने ओली गार हवा थेट त्या फोमवर. तसाही हा फोम पंधरा-वीस वर्षांत विरतोच, उष्णता आणि ओलाव्यानं लवकर विरतो. कड कापडाची असती तर अजून टिकली असती.

आता महत्त्वाचं. नवा रबरी कडेचा स्पीकर का नको? कारण तो वेगळा स्पीकर आहे. त्याचा द्रोण जड, त्याला हलवायला जास्त ताकद लागते, आणि तो बहुतेक धमधम आवाजासाठी बनवलेला असतो. ख्यालाला डीजेची धमधम लागत नाही. माणसाचा गळा, सारंगी, बाजापेटी हे सगळं मधल्या पट्टीत असतं, आणि ते काम हलका कागदी द्रोण फार गोड करतो. बाबांच्या पेटीचा आवाज म्हणजे तो कागद आणि ते सागवान. झिजलं ते बदलायचं, आवाज ज्याच्यामुळे आहे त्याला हात लावायचा नाही. आठ इंची स्पीकरच्या मापाची फोमची नवी कड सुटी मिळते. जुना भुगा नि डिंक खरवडून ती चिकटवायची. चिकटवताना द्रोण अगदी मधोमध बसला पाहिजे. डिंक सुकल्यावर बोटांनी चारी बाजूंनी सारखा, हलकेच दाबून बघायचा. खर्रर्र आवाज आला तर वेटोळं घासतंय, पुन्हा बसवा. एक कड काकांनी लावली, दुसरी आईनं. पापडाच्या कडा न फाटता उचलणाऱ्या हातांना ते जमणारच.

दुसरी पेटी बोळा कोंबल्यासारखी वाजत होती, त्याचं कारण वेगळं. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर नावाचा एक छोटा डबा असतो. जाड आवाजाला तो अडवतो, बारीक आवाजाला जाऊ देतो, आपल्या चाळणीसारखा. जुन्या पद्धतीचा कपॅसिटर वर्षानुवर्षांनी आतून सुकतो, मग बारीक आवाजही नीट जात नाही. त्यावर आकडा छापलेला असतो, आमच्यावर ४.७ होता. त्याच आकड्याचा, फिल्मचा कपॅसिटर दोन्ही पेट्यांत बसवला. एकीतच बदलला तर दोन्हींचा आवाज जुळत नाही. व्होल्टचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त चालतो, कमी नको.

तारा जोडताना एक चूक घरोघरी होते. दोन्ही पेट्यांचे द्रोण एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. एकीच्या तारा उलट लागल्या तर एक पुढे, एक मागे होते, मग जाड आवाज पातळ होतो आणि गाणाऱ्या बाईचा आवाज समोरून यायचा सोडून कुठूनतरी येतो. तपासायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल पुरतो. मोठ्या स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. द्रोण पुढे सरकला तर सेलच्या प्लसला लागलेल्या टोकावर लाल धाग्याची गाठ मारा. दोन्हींवर खूण करा आणि मग जोडा. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका.

महागडी तार घ्यायची गरज नाही. दहा-पंधरा फुटांसाठी घरच्या वायरिंगची चांगली तांब्याची तार पुरते. पण एक गोष्ट बजावून सांगते. अ‍ॅम्प्लिफायर घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. तो मिस्त्रीलाच द्या. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरची बटणं काकांनी साफ केली, डेकचा रबरी पट्टा बदलला. सगळं मिळून १,३५० रुपये झाले. कर्जातल्या उरलेल्या दीडशेत तार आली.

पेट्या घरी आणल्या आणि मी त्या पूर्वीच्याच जागी, कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्या. कोपऱ्यात जाड आवाज घुमतो, गाणं गढूळ होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे मग स्टुलावर ठेवल्या, भिंतीपासून हातभर पुढे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन पेट्यांत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याची खुर्ची. बारीक आवाज सरळ रेषेत जातो, भिंत आली की अडतो. जाड आवाज मात्र दारातून, भिंतीतून वळून जातो.

हे काका सांगत होते तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे मले सैंपाकघरात नुसता तबलाच ऐकू ये, तो यासाठीच!”

मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. शनिवारी साडेनऊ म्हणजे आईची भांड्यांची वेळ. बाबा खुर्चीत आणि आई मोरीशी, मध्ये भिंत. चौतीस वर्षं त्या घरात गाणं वाजलं आणि तिनं ते भिंतीपलीकडून ऐकलं. बाबा वाईट नव्हते. बोलावलं असतं तर ती आली असती का, हेही सांगता येत नाही. पण घरात खुर्ची एकच होती.

त्या शनिवारी मी भांडी घासली. आईनं बाबांच्या अक्षरातली मारव्याची एक कॅसेट लावली आणि कूलर बंद करायला लावला. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. “अवं, हा तंबोरा पहिल्यापासून वाजते का यात?” मी म्हटलं, हो, पहिल्यापासूनच.

गटाचा पहिला हप्ता तिनं भरला आहे. येत्या शनिवारी गटातल्या त्या हसणाऱ्या मावशींना तिनं घरी बोलावलंय, म्हणून शेजारून दुसरी खुर्ची आणायची आहे.