वायपरची दुरुस्ती आपल्या हाती

(पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात झालेल्या महिला चालकांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो,

आपल्यातल्या कुणी शाळेची व्हॅन चालवतात, कुणी टॅक्सी. भर पावसात वायपर अडकला आणि गाडी उभी केली तर दिवसाची कमाई बुडते. तशीच दामटली तर मागे बसलेल्या मुलांचा जीव टांगणीला. गॅरेजात गेलं तर ‘साहेबांना पाठवा’ असं ऐकावं लागतं. म्हणून आज हे यंत्र समजून घेऊ.

काचेखालच्या जाळीच्या पट्टीखाली मोटर असते. ती गोल फिरते. तिला जोडलेल्या सळ्या ते फिरणं मागे-पुढे हलण्यात बदलतात. शिवणयंत्राच्या पायट्यात याच्या उलट घडतं: पायाच्या हालचालीने चाक फिरतं. सळ्यांच्या सांध्यात गोळी आणि प्लास्टिकची वाटी असते. शेवटी दोन दांडे, म्हणजे स्पिंडल. त्यांवर वायपरचे हात बसवलेले असतात. धूळ आणि पाणी शिरून स्पिंडल गंजतात, जड होतात आणि सगळा भार मोटरवर येतो.

आधी दोष ओळखा. मोटरचा आवाज येतो पण हात हलत नाही? हाताचा नट सैल झाला असेल, नाहीतर सांधा निसटला असेल. आवाजच नाही? पहिल्यांदा फ्यूज पाहा. हात रेंगाळत फिरतात? बहुधा तेल-ग्रीस हवं आहे.

काम सुरू करण्यापूर्वी वायपर बंद करून हात आपल्या जागी येऊ द्या. काचेवर खडूने त्यांची खूण करा. मग बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवा. सळ्यांमध्ये बोट सापडलं तर मोटर दयामाया करत नाही. नट काढून हात सोडवा, मग पट्टी उचला. मोटरपासून सळी सुटी करून स्पिंडल हाताने फिरवून पाहा. अडत असेल तर गंज सोडवणारं तेल घाला, थोडा वेळ थांबा, मागे-पुढे फिरवा. मोकळा झाला की ते तेल पुसून स्पिंडलला आणि सांध्यांना ग्रीस लावा. नुसतं पातळ तेल पावसात टिकत नाही. वाटी झिजून सैल झाली असेल तर ग्रीसने भागणार नाही, ती बदलावीच लागते. रबराला मात्र तेल-ग्रीस लावू नका, काचेवर तवंग येतो. हात पुन्हा खुणेवरच बसवा आणि काच ओली करूनच वायपर चालवून पाहा.

या यंत्राचा इतिहासही आपला आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या बाईला 1903 साली गाडीत बसून काच पुसण्याच्या साधनाचं पेटंट मिळालं. त्याला बाजारात किंमत नाही, असं तिला सांगण्यात आलं. आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोर काच असलेल्या गाड्यांना चालू स्थितीतला वायपर सक्तीचा केला. मेरीला मात्र त्यातून पैसा मिळालाच नाही.

पुण्यातल्या टेल्कोच्या जाहिरातीत 1974 साली स्त्रियांनी अर्ज करू नये, असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि तिथेच इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या.

शिवणयंत्राला तेल घातलं तर ते घरकाम, आणि गाडीला घातलं तर तंत्रज्ञान, हा भेद पाना आणि ग्रीस करत नाहीत. तो माणसांनी केला आहे. आता बाहेर गाडी उभी आहे. चला, पाना प्रत्येकीच्या हातात गेला पाहिजे.