न लागलेल्या ठोशाची गर्दी

मुष्टियुद्धाला माणसं का जमतात, याचं सरळ उत्तर आपल्याला ठाऊक असतं. कुणीतरी आडवा होताना पाहायचा असतो. मग जो मुष्टियोद्धा कुणाला आडवा पाडत नाही, स्वतःही पडत नाही, नुसता चुकवतो आणि गुणांवर जिंकतो, त्याच्यासाठी कुणी तिकीट का काढावं?

बहुतेक वेळा काढत नाहीत, हे आधी कबूल करू या. क्यूबाचा गिलेर्मो रिगाँदो घ्या. २००० आणि २००४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने नोनितो डोनेअरसारख्या नावाजलेल्या खेळाडूला गुणांवर हरवलं. इतकं सफाईदार, की डोनेअरला तो सापडेचना. प्रेक्षागृहातून मात्र नाराजीचा आवाज उठला आणि खुद्द प्रवर्तकानेच जाहीर कुरकुर केली, की याला विकायचं कसं? तंत्रशुद्ध माणसाच्या वाट्याला असा उपेक्षेचा मार क्रीडांगणाबाहेरच जास्त येतो.

श्रोतेहो, मी कवी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही. कविसंमेलनात आवाज चढवून, हात उंचावून म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात, आणि शब्द तोलून ठेवणारा खाली बसतो तेव्हा पुढच्या रांगेतली दोन माणसं मान हलवतात. तीस वर्षं हे पाहतो आहे. आपण लोकांसाठी लिहितो म्हणायचं आणि लोक दुसऱ्याकडे पाहत असतात. म्हणूनच अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेची गोष्ट मला वारंवार आठवते. (नाव ऐकून आपल्याकडची पोरं हसतील, पण लोचा व्हायचा तो समोरच्याचा!)

लोचे १९३९ मध्ये मेंडोसा प्रांतात जन्मला. कारकिर्दीत सुमारे १३६ लढती, ११७ विजय, त्यात नॉकआऊट फक्त १४. म्हणजे ठोशात दम नाही. वर हा गृहस्थ सिगारेट ओढणारा. व्यायामाचा कंटाळा. असा माणूस ब्वेनोस आयरेसचं ‘लुना पार्क’ हे प्रचंड सभागृह शनिवारी रात्री भरून टाकत असे. त्याला नाव पडलं होतं ‘एल इन्तोकाब्ले’, म्हणजे ज्याला हात लावता येत नाही असा. आपल्या भाषेत याचा शब्दशः अनुवाद करायला गेलं तर भलताच, जखमेवर बोट ठेवणारा अर्थ निघतो. इथे मात्र तो मुकुट होता.

तो करायचा काय? दोरांना पाठ टेकून उभा राहायचा. हात खाली सोडलेले, कधी पाठीमागे. समोरचा तीन-चार ठोसे मारायचा. लोचेचे पाय जागेवर, फक्त कंबर आणि मान हलायची. ठोसे कानाजवळून निघून जायचे. मध्येच तो रिंगणाजवळच्या प्रेक्षकांशी बोलून घ्यायचा. सभागृहात हशा पिकायचा. त्याची तुलना लोक चार्ली चॅप्लिनशी करत, ती मला फार नेमकी वाटते.

आता फरक पाहा. रिगाँदोचा बचाव अंतराचा होता. दोन पावलं मागे, की धोका संपला. ते कौशल्य अस्सल, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्यात काहीच घडताना दिसत नाही. लोचे धोक्याच्या टप्प्यातच उभा राहायचा. तिथे चुकवलेला प्रत्येक ठोसा ही एक घटना होती, आणि ती गॅलरीतल्या हमालालाही दिसायची. मुशायऱ्यात हेच होतं. पहिल्या ओळीने श्रोत्याला एका बाजूला झुकवायचं, आणि दुसरी ओळ तिथून अलगद निसटली, की दाद येते. श्रोत्याला झुकवलंच नाही, तर निसटण्यात मजा कसली?

तो नुसता विदूषक होता असं मात्र कुणी समजू नये. १९६५-६६ मध्ये इस्माएल लागुना आणि कार्लोस ऑर्टिझ या दोन जगज्जेत्यांना त्याने बरोबरीत रोखलं. मग १२ डिसेंबर १९६८, टोकियो. समोर पॉल फुजी, ज्युनिअर वेल्टरवेट गटाचा विश्वविजेता, घणाघाती ठोशांचा. नऊ फेऱ्या फुजी हवा झोडत राहिला आणि लोचेचे हलके, नेमके ठोसे त्याच्या चेहऱ्यावर बसत राहिले. दहाव्या फेरीची घंटा झाली, तेव्हा फुजी स्टुलावरून उठलाच नाही. चौदा नॉकआऊटवाल्या माणसाने एका घणाला असा बसवून ठेवला.

गर्दी खेचण्याचा दुसरा मार्ग जिभेचा. आमच्या मोहल्ल्यातल्या एका सलूनमध्ये मुहम्मद अलीचं मासिकातून कापलेलं चित्र आरशाला चिकटवलेलं असायचं. तिथे येणाऱ्यांपैकी एकानेही त्याची अख्खी लढत पाहिलेली नव्हती. नाव आपलं होतं, हे एक कारण. पण सरकारपुढे न झुकलेला, यमक जुळवून प्रतिस्पर्ध्याची फेरी आधीच जाहीर करणारा माणूस, हे त्याहून मोठं कारण. अलीने हे बोलणं ‘गॉर्जिअस जॉर्ज’ या कुस्तीगिराकडून उचललं. आपण हरावं म्हणूनही लोक पैसे मोजतात, हे त्याने तिथे पाहिलं.

तोच धडा फ्लॉइड मेवेदरने पुढे व्यापाराच्या टोकाला नेला. बचावात त्याच्या तोडीचे फार थोडे. पण नुसत्या बचावावर तो घराघरांत पोहोचला नव्हता. मे २००७ मध्ये ऑस्कर डे ला होयाशी लढत झाली, तेव्हा गर्दी खेचणारा डे ला होया होता. त्याच सुमारास मेवेदरने ‘प्रिटी बॉय’ हे टोपणनाव टाकून ‘मनी’ हे घेतलं, नोटांची पुडकी कॅमेऱ्यासमोर उडवली. आता त्याला कुणीतरी लोळवावं म्हणून लोक पैसे भरू लागले. तो मात्र पन्नासपैकी पन्नास लढती जिंकून २०१७ मध्ये थांबला. मला हा मार्ग आवडत नाही, पण त्याची कमाई पाहता माझ्या आवडीला कोण विचारतो!

२ मे २०१५ रोजी लास वेगासमध्ये मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ समोरासमोर आले. अमेरिकेत ४६ लाखांवर खरेद्या झाल्या, घरबसल्या पाहण्यासाठी. मेवेदर गुणांवर जिंकला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार एकच होती, की काही घडलंच नाही.

लोचेच्या रात्रीही त्या अर्थाने काही घडत नसे. विजेतेपद त्याने १९७२ मध्ये पनामात गमावलं, शेवटची लढत १९७६ मध्ये खेळला, २००५ मध्ये गेला. त्याच्या लढतीचा उल्लेख ब्वेनोस आयरेसच्या शनिवारवर रचलेल्या एका गाण्यात आहे, आणि ते गाणं तिथे अजून म्हणतात.