‘बेओवुल्फ’ कसें शिकवावें?

आज उपलब्ध असलेल्या इंग्रजी वीरकाव्यांत ‘बेओवुल्फ’ हें सर्वांत जुन्यांपैकीं व निःसंशय सर्वांत थोर गणलें जातें. इंग्लंडांत आणि विशेषतः अमेरिकेंत हायस्कुलाच्या वरच्या वर्गांतून तें शिकविलें जातें; अमेरिकेंतील अनेक शाळांतून तर बाराव्या इयत्तेच्या इंग्रजी वाङ्मयाचा श्रीगणेशाच या काव्यानें होतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींपुढें हजार वर्षांपूर्वीच्या, ओळखूंहि न येणाऱ्या इंग्रजींतील काव्य ठेवावयाचें, हें काम अवघड खरें. तथापि खरी अडचण वेगळीच आहे. काव्यांत राक्षस आहे, झुंज आहे, विजय आहे. तेवढें मुलांना आवडतेंच. पण जें सहज आवडतें तेथेंच शिक्षक थांबला, तर कवीला जें सांगावयाचें होतें तें वर्गाच्या दाराबाहेरच राहतें.

कथानक थोडक्यांत असें: डेन लोकांचा राजा ह्रोथगार यानें हेओरॉट नांवाचें भव्य सभागृह बांधलें. तेथील वीणेचा व गाण्याचा स्वर दलदलींत राहणाऱ्या ग्रेंडेल नांवाच्या राक्षसाला सहन होईना. बारा वर्षें तो रात्रीं येऊन राजाचे योद्धे मारीत राहिला. हें ऐकून आजच्या दक्षिण स्वीडनांत राहणाऱ्या गीट लोकांचा तरुण वीर बेओवुल्फ चौदा सोबती घेऊन समुद्र ओलांडून आला. शस्त्र हातीं न धरतां त्यानें ग्रेंडेलशीं झुंज घेतली व त्याचा हात खांद्यापासून उपटून काढला. पुढच्याच रात्रीं ग्रेंडेलची आई सूड घेण्यास आली. तिचाहि त्यानें तळ्याच्या तळाशीं जाऊन वध केला. येथपर्यंत वर्ग श्वास रोखून ऐकतो.

मग कवि एकदम पन्नास वर्षें ओलांडतो. बेओवुल्फ आतां वृद्ध राजा आहे. एका माणसानें गुप्त धनांतील एक मौल्यवान पेला चोरल्यामुळें आग ओकणारा महासर्प चवताळतो आणि देश जाळीत सुटतो. राजा त्याच्याशीं एकट्यानेंच लढण्याचा हट्ट धरतो. तरवार मोडते, बरोबरचे निवडक वीर रानांत पळून जातात, फक्त विग्लाफ नांवाचा तरुण आप्त त्याच्या बाजूस येऊन उभा राहतो. महासर्प मरतो, आणि राजाहि मरतो. 3,182 ओळींच्या या काव्यांतील जवळजवळ एक तृतीयांश ओळी या अखेरच्या भागाच्या आहेत. आणि वेळ संपत आला कीं कात्री लागण्याचें भय याच भागाला अधिक असतें.

शिकवितांना आरंभ कानापासून करणें इष्ट. हें काव्य सभेंत ऐकविण्याच्या परंपरेंतून आलेलें आहे. प्रत्येक ओळ मध्यें थांबते, दोन अर्धांत मिळून चार आघात असतात, आणि त्या आघातांचे आद्य ध्वनि एकमेकांशीं जुळतात. येथें यमक नाहीं. अनुप्रास हाच छंदाचा कणा आहे. म्हणून शिक्षकानें मूळ भाषेंतील दहा-वीस ओळी मोठ्यानें म्हणून दाखवाव्यात. अर्थ कळला नाहीं तरी त्यांतील ठोका मुलांच्या कानांत बसतो. मग त्या कवीची शब्द जुळविण्याची रीत दाखवावी: समुद्राला तो ‘देवमाशांची वाट’ म्हणतो, आणि देहाला ‘हाडांचें घर’. ‘जलधि’, ‘रत्नाकर’ अशा शब्दांची सवय असलेल्या मराठी माणसाला यांत फारसें नवल वाटणार नाहीं. इंग्रजी मुलांना मात्र तें वाटतें, आणि तीं स्वतः असे शब्द घडवूं लागलीं कीं काव्य त्यांच्या हातचें होतें.

भाषांतराची निवडहि याच दृष्टीनें करावी. आयरिश कवि शेमस हीनी याचें भाषांतर 1999 सालीं प्रसिद्ध झालें. काव्याच्या आरंभींच्या लक्ष वेधून घेणाऱ्या उद्गारासाठीं त्यानें आपल्या वडिलांकडील नातलगांच्या बोलण्यांतील एक अगदीं साधा शब्द वापरला. मागचें बोलणें संपवून नवीन गोष्ट सांगण्यास बसलेला माणूस वापरतो तसा. जुन्या काव्याला घरच्या बोलींत आणण्याचें हें उदाहरण वर्गांत चर्चा करण्याजोगें आहे.

पुस्तकाचा इतिहासहि सांगावा, परंतु थोडक्यांत. या काव्याची जुनी हस्तलिखित प्रत जगांत एकच आहे. ती सुमारें इ. स. 1000 च्या आसपास दोन लेखकांनीं लिहिली व आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. 1731 सालीं लागलेल्या आगींत तिच्या कडा होरपळल्या आणि नंतर त्या झडूं लागल्या. 1787 च्या सुमारास थॉर्केलिन नांवाच्या आइसलंडी विद्वानानें तिच्या दोन नकला मिळविल्या, म्हणून पुढें झडून गेलेलीं पुष्कळ अक्षरें आज वाचतां येतात. राजाच्या चितेपाशीं शोक करणाऱ्या स्त्रीचा प्रसंग शेवटच्या पानावर आहे आणि तें पान इतकें झिजलें आहे कीं कांहीं शब्द तर्कानेंच लावावे लागतात.

विद्वानांनीं फार काळ या काव्याकडे इतिहासाची व भाषाशास्त्राची खाण म्हणूनच पाहिलें. 1936 सालीं जे. आर. आर. टॉल्किन यानें ब्रिटिश अकॅडमीपुढें दिलेल्या व्याख्यानांत या दृष्टीला विरोध केला. हें प्रथम काव्य आहे. राक्षस हे त्यांतील पोरकट भाग नसून त्याचा गाभा आहेत. आणि तारुण्य व वार्धक्य, उदय व अस्त यांचा तोल हीच त्याची रचना आहे, असें त्यानें प्रतिपादन केलें. हें मानलें तर पहिला भाग शिकवून दुसरा गाळणें म्हणजे तराजूचें एक पारडें काढून घेण्यासारखें आहे.

पहिल्या भागांतहि जें उतावळेपणानें वाचतांना निसटतें, तें शिक्षकानें थांबून दाखवावें. ग्रेंडेलच्या वधानंतर मेजवानींत राजकवि हिल्डेबुर्ह राणीची कथा गातो. तिचें माहेर व सासर यांच्यांत युद्ध होऊन तिचा मुलगा आणि भाऊ विरुद्ध पक्षांत मारले जातात, व ती दोघांना एकाच चितेवर ठेवविते. हें गाणें ऐकून सभा झोपीं जाते; आणि त्याच रात्रीं मेलेल्या मुलासाठीं ग्रेंडेलची आई सभागृहांत शिरते. पुत्रशोकाच्या या दोन कथा कवीनें शेजारीं शेजारीं कां ठेवल्या असाव्यात? हा प्रश्न विचारल्यावर वर्गांत क्षणभर जी शांतता पसरते, ती दहा गुणांच्या उत्तराहून मोलाची आहे. जॉन गार्डनर या अमेरिकन लेखकानें 1971 सालीं ग्रेंडेलच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली. कित्येक शिक्षक ती या काव्याबरोबर वाचावयास देतात. तें योग्यच आहे. मात्र ग्रेंडेलविषयींच्या अनुकंपेचें बीज मूळ काव्यांत कोठें आहे, हें मुलांनीं आधीं शोधावें.

अखेरीस वृद्ध राजाकडे यावें. त्यानें एकट्यानें जावें काय? प्रजेचें रक्षण करणें हें त्याचें कर्तव्य होतें हें खरें. पण त्याच्यामागें प्रजा उघडी पडली, शेजारचे शत्रु आतां चालून येतील, हें भय काव्याच्या शेवटीं स्पष्ट बोलून दाखविलें आहे. ह्रोथगारनें तरुण बेओवुल्फाला गर्वाविषयीं सावध केलें होतें. तो उपदेश येथें पुन्हां वाचावा. शेवटच्या दोन ओळींत प्रजाजन राजाला चार विशेषणें देतात. पहिल्या तिहींत सौम्यता व दयाळूपणा यांची स्तुति आहे. चौथ्याचा, म्हणजे काव्यांतील अगदीं शेवटच्या शब्दाचा अर्थ ‘कीर्तीचा सर्वांत अधिक इच्छुक’ असा आहे. ही प्रशंसा कीं ठपका, यावर पंडितांचें एकमत नाहीं. शिक्षकानें निकाल देऊं नये. मुलांना काव्यांतून पुरावे काढूं द्यावेत. शौर्य कोठें संपतें आणि कीर्तीचा लोभ कोठें सुरू होतो, याचा विचार पुढें ज्यांना करावा लागणार आहे, त्यांनीं तो प्रथम वर्गांत केलेला बरा.

आणि विग्लाफला विसरूं नये. राजाच्या खांद्याला खांदा लावून लढण्याची त्याची ती पहिलीच वेळ होती. पळून गेलेले सर्व त्याच्याहून अनुभवी होते असें कवि म्हणत नाहीं. परंतु निवडलेल्यांपैकीं राहिला तो हा नवखाच. शाळेंतील मुलगा बेओवुल्फासारखा बलाढ्य होईल हा संभव नाहीं, आणि त्याला पन्नास वर्षें राज्यहि करावयाचें नाहीं. पण आपला आधार असलेला माणूस संकटांत सांपडला असतां सगळे माघारी फिरत आहेत, अशी वेळ त्याच्यावर केव्हांतरी येईल. त्या वेळेचें चित्र या काव्याच्या उत्तरार्धांत आहे, म्हणून तो भाग वर्गांत पूर्ण वाचला गेला पाहिजे.