पडशी पाठीवर घेऊन अंदमानांत

अंदमानचें नांव निघालें, कीं आपल्या घरांतून अजूनहि ‘काळें पाणी’ हाच शब्द प्रथम ओठांवर येतो. सावरकरांना १९११ सालीं जेथें नेलें, तो तुरुंग आपल्या मनांत इतका भरून राहिला आहे, कीं त्याच्या भिंतींपलीकडे पांचशेंहून अधिक बेटें आणि त्यांवर घनदाट अरण्य पसरलें आहे, याचा विसरच पडतो.

मी सोलापूरच्या भवानी पेठेंत वाढलों. मागांच्या खटखटाटानें जागें व्हावयाचें, उन्हाळ्यांत नळाच्या पाण्याची वाट पाहावयाची आणि फार तर नान्नजच्या माळावर माळढोक शोधीत हिंडावयाचें, एवढाच आमचा वनविहार. म्हणून पाठीवर पडशी टाकून चेन्नईहून बोट धरली, तेव्हां तुरुंगाचें दर्शन एका सकाळींत घ्यावयाचें व उरलेले दिवस रानाला द्यावयाचे, असें ठरविलें होतें.

पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्रीविजयपुरम् असें नांव आहे. तेथून उत्तरेस बाराटांग बेट. खाडींतून होडी जाते ती तिवरांच्या बोगद्यांतून. दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर मिळालेल्या, आणि मुळें चिखलांत काठ्या रोवाव्यात तशीं उभीं. पुढें पायवाट. गर्जनाचे सरळसोट बुंधे पाहतांना मान दुखूं लागते. येथें वाघ नाहीं, बिबळ्या नाहीं. भय वाटावें असें मोठें जनावर म्हणजे खाडींतील मगर. चितळ मात्र पुष्कळ. ते मूळचे येथले नव्हेत. इंग्रजांनीं आणून सोडले. त्यांना मारून खाणारें कोणी नसल्यामुळें ते वाढत गेले, आणि उगवतीं रोपें खाऊन उद्यांचें रान आजच फस्त करीत आहेत. चुनखडीच्या गुहेंत छतापासून लोंबणारे दगडी झुंबर शेंकडों हातांच्या स्पर्शानें काळवंडलें आहेत. जवळचा चिखलाचा ज्वालामुखी पाहून, खरें सांगावयाचें तर, माझी निराशाच झाली.

परंतु ज्याविषयीं बोलावयाचें म्हणून मी येथें बसलों आहें, ती गोष्ट वाटेवरचीच. हा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. गाड्या ठराविक वेळीं, ताफ्यानें सोडतात. थांबावयाचें नाहीं, छायाचित्र घ्यावयाचें नाहीं, खाण्याचें कांहीं द्यावयाचें नाहीं. नियम चांगले आहेत. पण गाडी सुटतांच सारे प्रवासी खिडक्यांना चिकटले, आणि शेजारच्या गृहस्थांनीं विचारलें, “दिसले का हो कोणी?” रस्त्याच्या कडेला एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. आमची गाडी पुढें गेली. तीस चाळीस माणसें तिच्याकडे पाहात होतीं, आणि त्यांत मीहि होतों. माळढोकाचा शोध घेतांना जी उत्कंठा मला वाटे, नेमकी तीच या वेळीं वाटली. याची लाज मला गुहेपर्यंत पुरली.

हे लोक १९९८ च्या सुमारास आपण होऊन रानाबाहेर येऊं लागले. पुढच्याच वर्षीं त्यांच्यांत गोंवराची साथ आली. रस्त्याचा त्यांच्या भागांतील वापर बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिला होता. गाड्या मात्र धांवतच राहिल्या. बेटांवरील खेड्यांना औषध, तांदूळ व दवाखाना याच रस्त्यानें गांठावा लागतो, असें तेथील रहिवासी सांगतात, आणि तेंहि खोटें नाहीं. मात्र केवळ हौसेनें जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती सबब लागू पडत नाहीं.

परततांना मीं रंगतहून बोट धरली. वेळ अधिक लागला, पोटांत ढवळलेंहि. दुपारीं उडते मासे पाण्यांतून उसळले आणि रुपेरी सुया फेंकाव्यात तसे दूरवर जाऊन पडले. किनाऱ्यावरचें रान डावीउजवीकडे निळसर दिसत राहिलें. त्यांत कोण राहातें, तें बोटीवरून दिसत नव्हतें.