पित्ताच्या वाटेवरची धमनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज उभे केले आहे ते माझ्या दुखण्यावर बोलावयास. हळदीकुंकवाला आपण एकमेकींची दुखणी ऐकतोच. आज ध्वनिक्षेपकावरून ऐका, इतकेच!

खड्यांसाठी माझे पित्ताशय काढून तीन वर्षे झाली होती. पित्ताची कटकट संपली, अशी माझी समजूत. तरी उजव्या बरगडीखाली पुन्हा कळ येऊ लागली. ओवा खाल्ला, सोडा घेतला, घरात बोलले नाही. दिवाळी तोंडावर होती ना! मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणली, ती मी गळ्यात घातली. चार दिवसांनी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा मुलाने इस्पितळात नेले. कावीळ आणि त्यावर थंडीताप, म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू शिरलेले असू शकतात. तेथे एक दिवसही थांबावयाचे नसते, हे मला तेव्हा कळले.

सोनोग्राफीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या, आणि त्यांत खडे! पित्ताशयच नाही, तर खडे कुठले? पण पित्त करते यकृत, पित्ताशय नुसता साठवतो. वाट अडली की पित्त नळीतच तुंबते आणि तेथेही खडे धरू शकतात. पुढे एम.आर.आय.मध्ये नळी एका जागी चिमटलेली दिसली, आणि डॉक्टरांनी कर्करोगाचा शब्द हळूच उच्चारला. त्यानंतरच्या आठ रात्री मी छताकडे पाहून काढल्या.

निघाले निराळेच. यकृताच्या उजव्या भागाला रक्त नेणारी धमनी बहुधा पित्तनलिकेच्या मागून जाते. काहींची पुढून जाते. त्याने सहसा बिघडत नाही. क्वचित मात्र नळी तिच्याखाली दबते. माझी तशी दबली होती. नळीतल्या पेशी तपासल्या, त्यांत कर्करोग नव्हता. ते ऐकून मी तेथेच रडले.

आधी तोंडावाटे दुर्बीण घालून प्लास्टिकची बारीक नळी बसवली, पित्त वाहते केले. ताप उतरल्यावर शस्त्रक्रिया झाली. धमनी तोडली नाही, नळीपासून सोडवली. खडे काढले, आणि आकसलेला तुकडा कापून नळी आतड्याला जोडली.

काकू समोरच बसल्या आहेत. त्यांच्यावर कोणी रागावू नका. माळ मीच मागितली होती.