६४ आणि ३४

एखाद्या विद्वानाची थोरवी सांगायची झाली की आपण चटकन म्हणतो, "त्यांचे शंभरावर निबंध छापून आलेत हो!" आम्हां कॉलेजातल्या मंडळींत तर ही मोजणी फारच चालते. डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन यांचे निबंधही पुष्कळ आहेत. आधी तिरुवनंतपुरमच्या कर्करोग केंद्रात आणि नंतर फ्रान्समधील लियाँच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत त्यांनी काम केले. त्यांतले तीनच निबंध आज पाहू. तिन्हींत प्रश्न एकच आहे: धडधाकट दिसणाऱ्या माणसांना आधीच तपासले, तर मरणे कमी होतात काय?

पहिला २००५ सालचा, केरळातला. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन तोंड तपासत. तंबाखू खाणारे-ओढणारे व दारू पिणारे यांच्यात तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. दुसरा २००७ सालचा, तमिळनाडूतील दिंडिगुलचा. परिचारिका गर्भाशयाच्या मुखाला सौम्य आम्ल लावून पाहत; बिघडलेला भाग पांढरा दिसतो. तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरा मात्र आपल्याच मातीतला. उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे २०२३ पासूनचा धाराशिव. बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांच्याबरोबर १९९९ साली काम सुरू झाले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया! चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गावांचे चार गट पाडले. एका गटात या रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी, तीही एकदाच. दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे, तिसऱ्यात आम्ल. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार.

२००९ साली निकाल छापून आला. विषाणू-तपासणीच्या गटात कर्करोग निघाले १२७, चौथ्या गटात ११८. तुम्ही म्हणाल, मग तपासून मिळवले काय? जरा थांबा. रोग पुढच्या पायरीवर गेलेल्या बाया पहिल्या गटात ३९, चौथ्यात ८२. आणि दगावलेल्या पहिल्यात ३४, चौथ्यात ६४. रोग लवकर हाती लागला, एवढेच घडले. एरवी आमची बाई अंगावरून जाऊ लागले तरी कुणाला सांगत नाही, खुरपणीला निघते.

गंमत अशी, की दिंडिगुलला यशस्वी ठरलेल्या आम्लाने इथे मृत्यूंत निश्चित म्हणता येईल असा फरक दाखवला नाही. स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षाला अडचण करणारा हा आकडा शंकरनारायणन यांनी छापला. मला त्यांच्या यादीतले हेच पान अधिक मोलाचे वाटते.

त्या ६४ जणींबद्दल मात्र मन स्वस्थ राहत नाही. उपाय माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवावे काय, असा आक्षेप जाणत्यांनी घेतला आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. तेव्हा खेड्यात अशी तपासणी नव्हतीच, हे उत्तर खरे आहे. पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, तिशी ते पन्नाशीच्या शंभर स्त्रियांत ही कोणतीही तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा भरल्या नाहीत. गुरुजी, बाई, शाळेत माता-पालकांची सभा असेल तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना पंधरा मिनिटे बोलायला द्या. काही दुखत नसतानाच यायचे असते, हे त्यांच्या तोंडून बायकांना लवकर पटेल.